चाहूल लागण्याआधी

स्वयंपाकघरातली खसखशीची बरणी काढा आणि त्यातला एकच दाणा तळहातावर घ्या. चष्मा लागत असेल तर लावा. हा दाणा साधारण एक मिलिमीटरचा. मनातल्या मनात त्याच्या रुंदीचे दहा भाग करा. त्यातल्या एका भागाएवढं स्त्रीबीज असतं. माणसाच्या शरीरातली ही सगळ्यात रुंद पेशी. नजर चांगली असेल आणि उजेड नीट पडला तर साध्या डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी. हे वाचणारे तुम्ही, वरच्या मजल्यावरचे काका, दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडवर जमणारी सगळी गर्दी, प्रत्येकजण कधीतरी एवढाच होता.

हे मनन सावकाश करायचं आहे. गाडीत असाल आणि खिडकी मिळाली असेल तर उत्तमच, दांडीला धरून उभे असाल तरी अडत नाही. फक्त घाई नको. ज्या गोष्टीकडे आपण बघणार आहोत तिलाही घाई नसते, एक दिवस सोडला तर.

आधी आजीकडे जाऊ. आईची आई. तिचा चेहरा आठवा, नाहीतर भिंतीवरचा फोटो. आता तिला तरुण करा. तिला पाचवा महिना लागून गेला आहे आणि पोटात तुमची आई आहे. आई अजून जन्मायची आहे, पण तिच्या इवल्याशा अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजपेशी तयार झालेल्या आहेत. त्यातल्याच एका पेशीपासून पुढे तुम्ही व्हायचे आहात. निम्मे तुम्ही, कारण उरलेला निम्मा भाग अजून कुठेच नाही. वडिलांच्या शरीरात तो तयार व्हायला कितीतरी वर्षं आहेत. पुरुषबीज सुमारे अडीच महिन्यांत घडतं आणि वयात आल्यापासून रोज नवं घडत राहतं. स्त्रीबीजाचं तसं नाही. ते आईच्या वयाचं असतं, खरं तर तिच्या वाढदिवसाहूनही काही महिन्यांनी मोठं.

डोंबिवलीतल्या बहुतेकांच्या आज्या डोंबिवलीच्या नव्हत्या. कुणाची देवरुखची, कुणाची वाईची, कुणाची चाळीसगावकडची. चाळीतली खोली, मग वन रूम किचन, मग नळाला येणारं पाणी, हे सगळं नंतरचं. ज्यापासून तुम्ही झालात ते बीज त्या गावी, त्या पाण्यावर, त्या वर्षीच्या पिकावर तयार झालं होतं. आईने लहानपणी पावसात शाळा गाठली तेव्हा ते तिच्यासोबत होतं. तिला कांजिण्या आल्या तेव्हाही होतं. इथे थोडं थांबा. आजीच्या हाताचा विचार करा, तिच्या पोटाचा नव्हे. तो हात पोटावर ठेवून ती बसली असेल आणि त्या हाताखाली, एकात एक, तिच्यापुढच्या दोन पिढ्या होत्या.

आता गळती बघा, तीही शांतपणे. साठ-सत्तर लाखांतल्या बहुतेक पेशी मुलगी जन्मायच्या आधीच विरतात. जन्माच्या वेळी दहा-वीस लाख उरतात, पहिल्या पाळीपर्यंत तीन-चार लाख. साऱ्या आयुष्यात अंडाशयातून बाहेर पडतात ती साधारण चारशे. याला उधळपट्टी म्हणावं की काटकसर, हे मला ठरवता आलेलं नाही. उरलेली बीजं मात्र नुसती पडून नसतात. प्रत्येकाने जन्माआधीच स्वतःचं विभाजन सुरू केलेलं असतं आणि ते अर्ध्यावर थांबवलेलं असतं. गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींना बिलगलेल्या, पुढचं पाऊल नाही. असं पंधरा वर्षं, तीस वर्षं, चाळीस वर्षं. वय वाढतं तशी ही बिलगलेली टोकं सुटताना चुका होण्याची शक्यता वाढते. पस्तिशीनंतर डॉक्टर जरा घाई करायला सांगतात ते यामुळे.

याच परिसरातलं एक बीज डोळ्यांपुढे आणू. 31 मार्च 1865 रोजी कल्याणला जोशींच्या घरी यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी लग्न होऊन ती आनंदी झाली. तीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी. कल्याणपर्यंत आगगाडी आली 1854 मध्ये, म्हणजे यमुनेच्या जन्माआधी जेमतेम अकरा वर्षं. तिची आई त्याआधीच जन्मलेली असणार. म्हणजे ज्या पेशीपासून यमुना झाली ती कल्याणने इंजिनाची शिटी ऐकण्याआधीच तयार होती. एका माणसाचा आरंभ किती मागे जातो हे मोजायला मला याहून चांगली पट्टी सापडलेली नाही. तिच्याकडे पुन्हा येऊ.

आता त्या चारशेंपैकी एका बीजाच्या महिन्यात शिरू.

ठाणे असो, डोंबिवली असो की कल्याण, सकाळी लवकर उघडणाऱ्या सोनोग्राफी सेंटरच्या बाहेर काही बायका बसलेल्या दिसतात. मांडीवर पर्स, पर्समध्ये डबा, नजर घड्याळाकडे. त्या फॉलिक्युलर स्टडीसाठी आलेल्या असतात. पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड यायचं, तपासून घ्यायचं आणि नेहमीची गाडी गाठायची. भिंतीवर पाटी असते, इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही. ही पाटी देशभर लागली, पण या बाबतीतला कायदा सगळ्यात आधी महाराष्ट्राने केला, 1988 मध्ये. आत अंधार, करड्या पडद्यावर एक काळं वर्तुळ, त्यावर दोन टिंबं ठेवून घेतलेलं माप. राइट ओव्हरी, 18 बाय 17. डॉक्टर म्हणतात, छान वाढतंय, परवा या.

त्या काळ्या वर्तुळाकडे नीट बघा. ते बीज नव्हे. बीज या यंत्राला दिसतच नाही. दिसते ती त्याच्याभोवतीची पाण्याची पिशवी, फॉलिकल. दर महिन्याला अशा बऱ्याच पिशव्या एकदम वाढू लागतात, पण आठवड्याभरात त्यातली एक पुढे जाते आणि बाकीच्या मागे पडून विरतात. पुढे गेलेली पिशवी इस्ट्रोजेन बनवते. ते रक्तात चढत जातं आणि दोनेक दिवस चढंच राहिलं की मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी एलएच नावाचं संप्रेरक लाटेसारखं भरभरून सोडते. म्हणजे केव्हा फुटायचं हे मेंदू ठरवतो असं वाटतं, पण मेंदूला ते कळवते पिशवीच. बीज सुटावं म्हणून देतात ते ट्रिगरचं इंजेक्शन म्हणजे याच लाटेची नक्कल.

लाट उठल्यापासून साधारण 34 ते 36 तास. या तासांत, वर्षानुवर्षं थांबलेलं ते विभाजन पुन्हा सुरू होतं. बीज आपल्या गुणसूत्रांचा एक संच बाजूला काढून टाकतं, 23 ठेवतं आणि दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावर पुन्हा थांबतं. मग पिशवीची भिंत एका जागी पातळ होते, तिथून पाणी झिरपतं आणि त्या पाण्याबरोबर बीज बाहेर येतं. गर्भनलिकेच्या टोकाला झालर असते. ती त्या वेळी अंडाशयावरून फिरते आणि बीजाला आत ओढून घेते. काहींना त्या दिवशी ओटीपोटात एका बाजूला टोचल्यासारखं होतं. बहुतेकींना काहीही कळत नाही.

डोळे मिटता येत असतील तर आता मिटा. सेंटरबाहेरच्या त्या बायकांतली एक आता जलद गाडीत आहे, चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली. शेजारची मेथी निवडते आहे. बाहेर गाडीचा घुमणारा आवाज. याच क्षणी ते घडत असेल. कानात गाणं चालू आहे, मनात आज बॉस रजा देईल का याचा हिशोब. तिच्या शरीराने महिन्याभराचं सगळ्यात मोठं काम केलं आणि तिला सांगितलंही नाही. इथे तिला काही करायचं नाही, तुम्हालाही नाही. फक्त बघा.

घाईचा तो एक दिवस हाच. बाहेर पडलेलं बीज बारा ते चोवीस तास टिकतं. त्यानंतर ते कुणासाठीही थांबत नाही.

हा दिवस चौदावा, असं शाळेच्या पुस्तकात असतं. 28 दिवसांची पाळी असेल तर साधारण ते खरं, पण अनेकींचं चक्र 28 दिवसांचं नसतं आणि त्याच बाईचंही प्रत्येक महिन्याला सारखं नसतं. मोजायचं ते उलटं, पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी. पुढची पाळी अजून यायची असते, म्हणून मोबाइलवरची अ‍ॅप्स जे सांगतात तो अंदाजच असतो, गुलाबी फुलाचं चित्र काढलं तरी. आणि ही साधी गोष्टसुद्धा माणसाला फार उशिरा कळली. सस्तन प्राण्यांचं बीज कार्ल फॉन बेअर यांना 1827 मध्ये कुत्रीच्या शरीरात दिसलं. पण ते महिन्याच्या कोणत्या दिवशी सुटतं हे जपानच्या क्युसाकू ओगिनो यांनी 1924 मध्ये मांडलं आणि काही वर्षांत ऑस्ट्रियाच्या हर्मन क्नाउस यांनी स्वतंत्रपणे तेच सांगितलं. त्याआधी मोठमोठे डॉक्टरसुद्धा समजत होते की बीज पाळीच्या सुमाराला सुटतं आणि मधले दिवस निर्धोक. नेमकं उलट.

आता यमुनेकडे. तिला बाळ झालं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. बाळ दहा दिवस जगलं. त्यानंतर ती डॉक्टर व्हायच्या जिद्दीने अमेरिकेला गेली, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकली आणि मार्च 1886 मध्ये पदवीधर झाली. प्रबंधाचा विषय तिने प्रसूतिशास्त्रच घेतला होता, आपल्या देशातल्या हिंदू परंपरेतलं प्रसूतिशास्त्र. पुढच्या फेब्रुवारीत, पुण्यात, क्षयाने ती गेली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तिच्यापाशी थोडं बसा. बाळंतपणाचं शास्त्र शिकलेल्या, स्वतः आई होऊन बाळ गमावलेल्या या कल्याणच्या मुलीला, स्वतःच्या शरीरातलं बीज कोणत्या दिवशी सुटतं हे सांगू शकेल असं एकही पुस्तक त्या काळी पृथ्वीवर नव्हतं. आज डोंबिवली स्टेशनबाहेरच्या औषधाच्या दुकानात त्यासाठी पट्टी मिळते. मराठीत या गोष्टी उघड बोलाव्यात म्हणून र. धों. कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि त्यापायी खटले झेलले. हेही तिच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी.

पुढे सरकू. बीज गर्भनलिकेत आहे. नलिका दहा-बारा सेंटिमीटरची, भेट होते ती तिच्या रुंद, बाहेरच्या भागात. शुक्राणूंची शर्यत लागते आणि जो पहिला पोचतो तो जिंकतो, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण ती अर्धवट आहे. कोट्यवधी निघतात हे खरं, नलिकेपर्यंत काही शेच पोचतात हेही खरं. पण लवकर पोचून उपयोग नसतो. स्त्रीच्या शरीरात काही तास राहिल्याशिवाय शुक्राणूला बीजात शिरण्याची ताकदच येत नाही. हे 1951 मध्ये दोन शास्त्रज्ञांना वेगवेगळं उमगलं. शिवाय शुक्राणू आत तीन ते पाच दिवस जगू शकतात. म्हणून पुष्कळदा ते आधीच येऊन थांबलेले असतात आणि नंतर येतं ते बीज. दिवस राहण्याची शक्यता असते ती बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढीच. पळत सुटणाऱ्या वीराचं चित्र बाजूला ठेवा. त्या जागी, वाट बघत बसलेली मंडळी आणा.

एक शुक्राणू बीजाच्या जाड आवरणातून आत जातो. तत्क्षणी बीजभर कॅल्शियमची लहर पसरते, आवरण कडक होतं आणि दुसऱ्याला आत येता येत नाही. आणि आता, आत्ता कुठे, बीज आपलं दुसरं विभाजन पुरं करतं. आजीच्या पोटात सुरू झालेलं काम या घटकेला संपतं. जे बीज कुणाला भेटत नाही त्याचं ते काम कधीच संपत नाही.

मुलगा की मुलगी, हेही इथेच ठरतं. बीजात असतं ते नेहमी एक्स गुणसूत्र. शुक्राणूत एक्स असेल किंवा वाय. तिसरीही मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्यांनी निदान एवढं पान वाचावं.

यानंतरचे दिवस मला सगळ्यांत आवडतात, कारण त्यात कसलाच गाजावाजा नाही. सुमारे तीस तासांनी एका पेशीच्या दोन होतात. दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी आठ. आकार मात्र वाढत नाही. आवरण तेच, एक दशांश मिलिमीटरचं, आत फक्त वाटण्या लहान लहान होतात. चार ते आठ पेशींपर्यंत सगळं आईने बीजात भरून ठेवलेल्या शिध्यावर चालतं, त्यानंतर गर्भाची स्वतःची जनुकं कामाला लागतात. पेशींना ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया तर पुढेही आईकडच्याच राहतात, म्हणजे आजीकडच्या. पाचव्या दिवशी आत पाण्याची पोकळी होते, एका बाजूला पेशींचा छोटा पुंजका जमतो, ते पुढचं बाळ. बाहेरचा थर म्हणजे पुढची वार. मग आवरण फुटतं. बीज सुटल्यापासून साधारण आठव्या ते दहाव्या दिवशी तो गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुततो.

हे सारं आपल्याला इतक्या तपशिलात ठाऊक आहे त्याचं कारण ते शरीराबाहेर, काचेच्या बशीत बघता आलं. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून 6 ऑगस्ट 1986 रोजी हर्षा जन्मली. शेजारच्याच प्रजननविषयक संशोधन संस्थेतल्या डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी त्यात साथ दिली होती. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचं नाव झालं. त्याआधी, 1978 मध्ये, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी हे साधलं होतं. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही आणि त्यांनी जीव दिला. पुढे त्यांचं श्रेय त्यांना मिळावं म्हणून खटपट केली ती आनंद कुमार यांनीच. आनंदीबाईंच्या पदवीनंतर बरोबर शंभराव्या वर्षी हर्षा आली, तीही कल्याणच्याच मध्य रेल्वेच्या वाटेवर.

आता पुन्हा त्या बाईकडे. दहावा दिवस. ती ठाण्याच्या राममारुती रोडवर चपला बघते आहे, किंवा कल्याणला लग्नाला गेली आहे आणि पंगतीत जिलबी घेते आहे. रुतलेला गोळा एचसीजी सोडू लागला आहे. बीज जिथून सुटलं त्या रिकाम्या पिशवीचा एक पिवळा पुंजका झालेला असतो. तो प्रोजेस्टेरॉन बनवून अस्तर धरून ठेवतो. त्याचं आयुष्य दोन आठवड्यांचं. एचसीजी पोचलं तर तो टिकतो आणि पाळी चुकते. नाही पोचलं तर तो सुकतो आणि पाळी येते. घरातल्या किटवरच्या दोन रेघा म्हणजे ते एचसीजी. गोड बातमी आपण ज्या दिवशी म्हणतो त्या दिवशी ती दोन आठवडे जुनी असते.

आणि पुष्कळदा ती बातमी होतच नाही. इथे मनन थोडं जड होईल, पण टाळू नका. निरोगी तरुण जोडप्यातही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चारात-पाचात एक. रुतलेल्या गर्भांपैकीही चौथा हिस्सा किंवा जास्त पुढे टिकत नाहीत. त्यातले बरेच तर बाईला कळायच्या आधीच जातात, पाळी दोन दिवस उशिरा आली एवढंच. बहुतेक वेळा कारण गुणसूत्रांच्या वाटणीतली चूक, त्या जुन्या बिलगलेल्या जोड्या सुटतानाची. तिने स्कूटी चालवली म्हणून नाही, पाण्याची बादली उचलली म्हणून नाही, रोज व्हाया ठाणे परळपर्यंत गर्दीत लोंबकळत गेली म्हणून नाही. हळदीकुंकवाला वाण देता देता 'काय, काही विशेष?' असं विचारणाऱ्या बाईला यातलं काही माहीत नसतं. विचारलं गेलेली मात्र त्या रात्री आपण काय चुकलो याची यादी करत जागी असते. ती यादी फाडून टाकायची आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

मूल हवं असेल आणि वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तीस ओलांडली असेल तर सहा महिने वाट बघून डॉक्टरांकडे जा. पाळी फारच अनियमित असेल तर एवढंही थांबू नका. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांना विचारून किमान महिनाभर आधीपासून सुरू करा, कारण बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी मिटते ती पाळी चुकल्यानंतरच्या दोन आठवड्यांत, तेव्हा गोळी सुरू करायला उशीर झालेला असतो. आणि जाल तेव्हा दोघं जा. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. वीर्याची तपासणी सोपी आहे, स्वस्त आहे, सुई टोचावी लागत नाही. बायकोची चौथी सोनोग्राफी होण्याआधी नवऱ्याने ती करून यावी.